लोहाराने दिलेली वाट

आमच्या घरात सायकल नव्हती असा एकही दिवस मला आठवत नाही. आणि नवी कोरी सायकल आमच्या मालकीची होती असाही एक दिवस आठवत नाही. आण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, सायकल-दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, तर रस्त्याच्या कडेला करंजाच्या झाडाखाली एक लाकडी पेटी, हवा भरायचा पंप, पंक्चर शोधायला पाण्याचं घमेलं, आणि फांदीला टांगलेला एक झिजलेला टायर. तो टायर हीच दुकानाची पाटी. अक्षरांची पाटी लावण्याचा प्रश्नच कधी आला नाही. ती रंगवून घेतली असती, तरी तिच्यावर काय लिहिलं आहे हे खुद्द मालकाला वाचता आलं नसतं.

या दुकानापासून बोरिवलीचं नॅशनल पार्क पायी वीस मिनिटांवर आहे. सरकारी कागदांत त्याचं नाव संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, पण आमच्याकडे त्याला नॅशनल पार्कच म्हणतात. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं हे जंगल मुंबई आणि ठाण्याच्या मधोमध पसरलं आहे. एका अंगाला गगनचुंबी इमारती, दुसऱ्या अंगाला खाडीकडे उतरणारे डोंगर, आणि मध्ये बिबट्यांची वस्ती! मुंबईकर सकाळी ज्या नळाखाली तोंड धुतो, त्यातलं थोडंसं पाणी याच जंगलातून येतं. विहार तलाव १८६० साली आणि तुळशी तलाव १८७९ साली पुरा झाला, आणि ते दोन्ही अजून शहराची तहान भागवतात. हे सगळं मी पुस्तकात वाचलं होतं. पण बावीस वर्षं त्या जंगलाच्या दारात बसलेले आण्णा कधी आत गेले नव्हते. "जंगलात काय बगायचं? दुकान कोन बगंल?" एवढंच त्यांचं उत्तर असे.

यंदा इतिहासाच्या सरांनी आम्हा दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना कान्हेरीची लेणी पाहून त्यावर निबंध लिहायला सांगितलं. वर्गातल्या सात-आठ मित्रांनी बेत ठरवला, की रविवारी सायकली भाड्याने घ्यायच्या आणि पार्कमधून सायकलवरच वर जायचं. मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, "घरी काम आहे रे." काम काही नव्हतं. सायकलचं भाडं, वरचा खाण्यापिण्याचा खर्च, हे एक कारण होतं. दुसरं कारण सांगायला आजही जीभ जड होते. सायकलच्या भाड्यावरून गोष्ट निघाली, की कोणीतरी सहज विचारणार, "तुझ्याकडे सायकल नाही का?" आणि मग सगळंच सांगावं लागणार. प्रवेशाच्या अर्जात 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी 'व्यापार' असं लिहिलं होतं. दोन वर्षं तो शब्द मी जपून ठेवला होता.

आईने हे आण्णांना कधी सांगितलं कोण जाणे. शनिवारी रात्री मी अभ्यासिकेतून परतलो, तर दारात एक सायकल उभी. दांडी एकीची, चाकं दुसरीची, मडगार्ड तिसरीचं. पण चाकांचा आऊट इतका सफाईने काढलेला, की फिरवलं तर चाक हलतं आहे की उभं आहे ते कळू नये. आण्णा हात पुसत म्हणाले, "ही तुला. म्या माज्या सायकलवर येतो. उद्या दुकान दुपारी उगडू."

मी काय बोलणार? माझ्या मनात पहिला विचार आला तो आनंदाचा नव्हता. मित्र दहाच्या सुमारास निघणार होते, तेव्हा आपण पार्कचं दार उघडताच निघावं, म्हणजे गाठ पडणार नाही, हा तो विचार होता.

२०२५ च्या फेब्रुवारीतला तो रविवार. हवेत अजून गारवा होता. तिकीट काढून आम्ही आत शिरलो, दहिसर नदीवरचा पूल ओलांडला, आणि चारपाचशे पायडल मारल्यावर मागचा महामार्ग कानांतून नाहीसा झाला. मला वाटलं होतं शांतता म्हणजे आवाज नसणं. पण तसं नव्हतं. सागाची मोठी पानं रस्त्यावर पडली होती, ती चाकाखाली पापडासारखी मोडत होती. कुठेतरी वानराने खोकल्यासारखा आवाज काढला आणि चितळांचा एक कळप कान टवकारून उभा राहिला. एरवी याच रस्त्याने बस लेण्यांपर्यंत जाते. पण बसमध्ये बसून जंगल दिसतं, ते अंगाला लागत नाही. सायकलवर सावली आली की दंडावर कळतं, चढ आला की मांडीला कळतं.

आण्णांची सायकल म्हणजे काळी, उंच, जड, मागे मोठा कॅरियर आणि त्याला बांधलेली हत्यारांची पिशवी. "पिशवी कशाला आणलीत?" मी विचारलं. "म्हशीनं शिंगं घरी ठिवून जायचं व्हय?" ते म्हणाले. ते माझ्या मागून येत होते आणि सायकलकडे न बघता नुसत्या आवाजावरून सांगत होते, "तुजी चेन सैल हाय. फुडच्या चढाला घसरंल. थांब." थांबून दोन मिनिटांत त्यांनी ती ताणून दिली.

आण्णा माणदेशातले. दुष्काळी मुलूख. सोळाव्या वर्षी मुंबईत आले. इतकं हिरवं रान त्यांनी गावी कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे बरीच झाडं मीच त्यांना सांगत होतो, तीही फलकांवरची नावं वाचून. पळस मात्र त्यांनी लांबूनच ओळखला. काही पळस फुलले होते, अंगावर एक पान नाही आणि नुसता विस्तव. "ह्याच्या पानाच्या पत्रावळ्या आमची आय लावायची," एवढं बोलून ते बराच वेळ गप्प राहिले. वाटेच्या कडेला कारवीच्या वाळक्या काड्यांचं रान उभं होतं. कारवी आठ वर्षांनी एकदा फुलते. इथे ती २०१६ साली फुलली होती, मग २०२४ च्या पावसाळ्याअखेर फुलली, आणि फुलून झाल्यावर ती झाडं मरतात. बी जमिनीत पडतं आणि पुन्हा आठ वर्षं थांबतं. मी हे सांगितल्यावर आण्णा म्हणाले, "आट वरसं? मंजी पोरगं पयलीत घालायचं, आन् आटवी झाली की फूल." त्यांच्या हिशेबात शाळाच का आली, हे मला तेव्हा कळलं नाही.

शेवटचा चढ भलताच खडा आहे. मी खाली उतरून सायकल ढकलू लागलो. आण्णाही उतरले, पण त्यांनी माझ्या सायकलच्या कॅरियरला मागून एक हात लावला. एका हाताने स्वतःची सायकल, दुसऱ्या हाताने माझी. मी नको नको म्हणत होतो. पण खरं सांगायचं तर त्या हाताचा आधार मला हवा होता.

कान्हेरी! काळ्या बसाल्टच्या त्या डोंगरात शंभराहून अधिक लेणी आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून हजारएक वर्षं इथे बौद्ध भिक्षूंची वस्ती होती. तिसऱ्या क्रमांकाचं लेणं म्हणजे चैत्यगृह. त्याच्या ओसरीत दोन्ही बाजूंना वीस फुटांहून उंच बुद्धमूर्ती उभ्या आहेत. आण्णांनी चपला काढल्या आणि हात जोडले. आत दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा आणि टोकाला स्तूप. तिथे इतका गारवा होता, की चढाचा घाम क्षणात वाळला. हे चैत्यगृह दोन व्यापारी भावांच्या दानातून झालं, असं मी सांगितलं. 'व्यापारी' हा शब्द उच्चारताना माझा मलाच तो अर्जातला रकाना आठवला.

पण आण्णांना सर्वांत जास्त आवडल्या त्या पाण्याच्या पोढ्या. जवळजवळ प्रत्येक लेण्याबाहेर खडकात खोदलेलं टाकं आहे. डोंगरावर पडलेलं पाणी वाया जाऊ नये म्हणून खडकात बारीक पन्हळी कोरल्या आहेत; त्यांतून पाणी टाक्यांत उतरतं. आण्णा ओणवे होऊन एका पन्हळीवरून बोट फिरवत राहिले. दुष्काळातल्या माणसालाच ते बोट तसं फिरवता येईल. "ज्यानं ह्ये केलं, त्याला पान्याची किंमत ठावी हुती," ते म्हणाले.

टाक्याशेजारच्या भिंतीवर अक्षरं होती. आण्णांनी विचारलं, "काय लिवलंय?"

मी पुढे झालो. ब्राह्मी लिपी. सरांनी वर्गात फळ्यावर चार अक्षरं काढून दाखवली होती, त्यांतलं एकही मला इथे ओळखता येईना. उभी रेघ, आडवी रेघ, एखादं वर्तुळ, बस्स. भिंतीसमोर आम्ही दोघे शेजारी शेजारी उभे होतो. एक कधीच शाळेत न गेलेला आणि एक बी.ए.च्या दुसऱ्या वर्षातला. आणि त्या भिंतीपुढे दोघेही सारखेच निरक्षर! आण्णांना रोज बसच्या पाट्यांपुढे, बँकेच्या कागदांपुढे, माझ्या गुणपत्रिकेपुढे काय वाटत असेल, हे एकोणीस वर्षांत मला प्रथमच कळलं.

मग मला वर्गात ऐकलेलं आठवलं आणि मी ते सांगितलं. इथले पुष्कळ लेख प्राकृत भाषेत आहेत आणि त्यांत दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या डॉ. शोभना गोखले यांनी या लेखांचा अभ्यास करून १९९१ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. दान देणारे सगळेच राजे नव्हते. कल्याण, सोपारा, चौल, नाशिक इथली साधी माणसंही होती. कल्याणच्या एका सोनाराने पाण्याची पोढी दिली. आणि कल्याणच्याच एका लोहाराने, नंद त्याचं नाव, काय दिलं? मूर्ती नाही, लेणं नाही. त्याने एक वाट दिली. येण्याजाण्याची वाट.

"लव्हारानं?" आण्णांनी विचारलं.

"हो, लोहाराने."

"आन् त्याचं नाव लिवलं?"

"लिहिलं आहे. जवळजवळ दोन हजार वर्षं झाली."

आण्णा बराच वेळ भिंतीकडे पाहत राहिले. मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "लेनं बगायला समदी येत्यात. वाटंकडं कोन बगतंय? पन वाटच नसती, तर वर आली असती का?"

इथवर सगळं ठीक होतं. निबंध एवढ्यावर संपवला असता, तर सरांनी चांगले गुणही दिले असते. पण पुढचं सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

परतताना आम्ही तो खडा उतार उतरत होतो. ब्रेक दाबून सावकाश. वळणावर चार-पाच जण सायकली घेऊन खोळंबलेले दिसले. एक सायकल उलटी करून ठेवली होती. जवळ गेलो आणि माझ्या पोटात गोळा आला. माझेच मित्र! दहाला निघणारे ते, लवकरच निघाले होते.

"अरे, तू? तुला काम होतं ना?"

मी काहीतरी पुटपुटलो. तोपर्यंत आण्णा सायकलवरून उतरले होते. उलटी पडलेली सायकल दिसली की त्यांना दुसरं काही दिसत नाही. गियरची सायकल होती; चढावर जोर लावून गियर बदलताना चेन मागच्या दातेरी चक्राच्या आणि तारांच्या मध्ये जाऊन बसली होती. मुलांनी ओढून ओढून हात काळे केले होते, पण ती हलत नव्हती. एकाने आण्णांच्या पिशवीकडे पाहिलं आणि म्हणाला, "काका, जरा बघता का?"

आण्णा खाली बसले. पान्याने चाक सैल केलं, चेन हळूच मोकळी केली, वाकलेली एक तार सरळ केली, चाक पुन्हा आवळलं. पाच-सात मिनिटं लागली असतील. तेवढ्यात माझ्या शेजारच्या मित्राने हळूच विचारलं, "कोण रे हे? तुझ्याबरोबर आलेत?"

मित्रहो, तेव्हा मला दोन शब्द बोलायचे होते. 'माझे वडील.' ब्राह्मी लिपीपेक्षा कठीण नव्हते ते. पण मी म्हणालो, "ओळखीचे आहेत."

आण्णांचे हात चालूच होते. त्यांनी ऐकलं नसेल, अशी मी मनाची समजूत घातली. सायकल सरळ करून त्यांनी चाक फिरवून पाहिलं, आणि म्हणाले, "गेर चढ लागायच्या आदी बदलायचा. चढावर जोर लावून न्हाई." मित्राने खिशातून वीस रुपयांची नोट काढली. "काका, घ्या." आण्णांनी एकदा, फक्त एकदाच, माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता. मी खाली पाहिलं. मग त्यांनी नोट घेतली, कपाळाला लावली आणि खिशात ठेवली. दुकानात भवानीचे पैसे घेतात तशी.

मित्र वर गेले. आम्ही खाली निघालो. आता उतारच होता, पायडल मारायची गरज नव्हती. येताना ज्या जंगलाने मला इतकं काही दाखवलं होतं, ते जाताना मी पाहिलंच नाही. फक्त दोन फ्रीव्हीलचा किरकिर आवाज. मला वाटत होतं, त्यांनी काहीतरी बोलावं, रागवावं, निदान एखादी शिवी तरी द्यावी.

खाली, रस्त्याच्या कडेला पाड्यावरच्या बायका टोपल्यांत बोरं आणि काकड्या घेऊन बसल्या होत्या. या जंगलात वारली लोकांचे पाडे आहेत. वाघाला देव मानणारी ही माणसं. आण्णांनी सायकल स्टँडवर लावली आणि तीच वीसची नोट देऊन बोरं घेतली. कागदाचा पुडा माझ्यापुढे धरून म्हणाले, "खा. तुज्या दोस्तांनी दिल्यात."

म्हणजे त्यांनी ऐकलं होतं. सगळं ऐकलं होतं.

ती बोरं मी खाल्ली. आंबट की गोड, ते मला सांगता येणार नाही. दुपारी त्यांनी ठरल्याप्रमाणे दुकान उघडलं, आणि मी घरी येऊन निबंध लिहायला बसलो, तर कागद कोराच राहिला.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी मी दुकानावर डबा घेऊन गेलो. आण्णा एका दूधवाल्याच्या सायकलचं पंक्चर काढत होते आणि तोंड चालू होतं. मी आलेला त्यांना दिसला नव्हता. ते सांगत होते, "कल्यानचा लव्हार हुता. त्यानं वाट दिली वाट! दोन हजार वरसं झाली. दगडावर नाव लिवलंय त्याचं. माज्या पोरानं वाचून दाकीवलं."

मी वाचलं नव्हतं. मला एक अक्षरही वाचता आलं नव्हतं. आणि ज्या मुलाने चार मित्रांपुढे बाप ओळखीचा करून टाकला, त्या मुलाला ते पंक्चर काढता काढता लिपी वाचणारा पंडित करत होते. डबा तिथेच पेटीवर ठेवून मी परत फिरलो. डोळ्यांपुढे रस्ता दिसेना.

त्या लोहाराविषयी मी आता पुष्कळदा विचार करतो. त्याने दिलेल्या वाटेवरून किती माणसं गेली असतील! भिक्षू गेले, व्यापारी गेले, राजे गेले. वर पोचल्यावर त्यांनी मूर्ती पाहिल्या, प्रवचनं ऐकली, ज्ञान मिळवलं. त्यांतल्या कितींना वाटेची आठवण राहिली असेल? मीही एका वाटेवरूनच कॉलेजच्या पायरीपर्यंत आलो आहे. पंक्चरमागून पंक्चर जोडून केलेली ती वाट आहे. माझ्या घराण्यात या पायरीवर माझ्याआधी कोणाचंच पाऊल पडलेलं नाही. आणि ज्याने वाट दिली, त्याचं नाव कोरायचं राहो, अर्जाच्या रकान्यात लिहायलाही मी लाजलो.

ग्रंथालयातून पुस्तक आणून मी ब्राह्मीची अक्षरं गिरवायला घेतली आहेत. स्वर झाले, 'क'चा वर्ग झाला. पावसाळा संपला की आण्णांना घेऊन पुन्हा वर जायचं आहे. त्या वेळी ते विचारतील, "काय लिवलंय?" तेव्हा मला खरोखर वाचून दाखवायचं आहे. निदान त्यांचं दूधवाल्याला सांगितलेलं तरी खरं व्हावं.

आणि एक काम राहिलं होतं, ते इथे करतो. त्या रविवारी कान्हेरीच्या वळणावर ज्यांनी तुमची चेन बसवली, ते माझे वडील. तृतीय वर्षाच्या अर्जात त्या रकान्यात मी 'सायकल-दुरुस्ती' असं लिहिणार आहे. त्यांचं दुकान महामार्गाच्या अलीकडे, करंजाच्या झाडाखाली आहे. फांदीला टायर टांगलेला दिसेल. कधी पंक्चर काढायला गेलात, तर माझ्या वर्गातले आहोत म्हणून सांगा. पैसे घेणार नाहीत कदाचित; पण लोहाराची गोष्ट मात्र तुम्हाला पुरती ऐकावी लागेल.